अंडी काढताना मध्येच जाग आली होती. या वेळी भूलतज्ज्ञांना काय सांगू?

आयव्हीएफची (अंडी बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या उपचाराची) दुसरी फेरी सुरू आहे, पुढच्या आठवड्यात अंडी काढायची आहेत. मागचा अनुभव अजून अंगातून गेलेला नाही, म्हणून विचारते.

तेव्हा "झोप लागेल, काही कळणार नाही" एवढंच सांगितलं होतं. औषध शिरेत गेलं, हात आतून जळजळला, डोळे मिटले. आणि मध्येच सुई जाणवली. ओटीपोटात खोल, कोणी आतून ओढतंय अशी. ओरडायचं होतं, पण जीभ उचलेना. "हलू नका" एवढं ऐकू आलं. नंतर शुद्धीवर आले तर दात वाजत होते, कितीतरी वेळ थंडी थांबेना. होतं असं, म्हणाले. मी कोणाला काही बोललेच नाही.

आता कळतंय की ती पूर्ण भूल नव्हती, ग्लानी होती, म्हणजे औषधाने आणलेली हलकी झोप. तिची खोली कमी-जास्त करता येते का? मागणं गैर तर नाही ना?

दुसरं, जे रात्री झोपू देत नाही: मी इतकी घाबरले, आखडले, त्यामुळेच अंडी खराब झाली का? गर्भ रुजला नाही तो माझ्यामुळे?

प्रतिसाद

तुझ्यामुळे नाही गं, हे आधी मनातून काढ. ट्रिगर इंजेक्शननंतर (अंडी पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर) साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात, म्हणजे तू टेबलावर जाईपर्यंत ती पिकलेली असतात. त्या काही मिनिटांच्या भीतीने ती बिघडत नाहीत. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा, ३,५८३ स्त्रियांचा एकत्रित आढावा आला होता. उपचाराआधीच्या मानसिक ताणाचा गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध त्यात दिसला नाही.

खोली बदलता येते, आणि मागणं अजिबात गैर नाही. फक्त त्या दिवशी टेबलावर सांगू नकोस, आधी भूलतज्ज्ञांची वेळ घे. "मागच्या वेळी जाग आली होती, दुखलं होतं, नंतर खूप थरथरले" हे फाइलवर लिहून घ्यायला लाव. दमा, घोरणं, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, सगळं सांग. सोबत जागा बधिर करणारं इंजेक्शन देता येईल का, तेही विचार. उपाशी राहायची वेळ मात्र काटेकोर पाळ, पोटात अन्न असेल तर खोल ग्लानी धोक्याची.

घरी आल्यावर पोट फुगत चाललं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता फोन कर.

धागाकर्ती

ताई, वाचताना रडू आलं. उद्याच वेळ मागते.