व्हॅलोरंटसाठी माऊस: वायरलेस घ्यावा की वायर्डच बरा? बजेट ३ हजार

कोथरूड१४४:
नमस्कार मंडळी. व्हॅलोरंट (ऑनलाइन शूटिंग गेम) खेळतो. सध्याचा माऊस वायर्ड आहे, ८५ ग्रॅमचा. डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, त्यामुळे बदलायचाच आहे. या वेळी वायरलेसकडे जावं का, एवढाच प्रश्न. लॉजिटेक जी३०४ बघून ठेवलाय.

सेटअप असा: मॉनिटर १४४ हर्ट्झ, डीपीआय (माऊस इंचभर सरकला की तो मोजतो ते काउंट) ८००, गेममध्ये सेन्सिटिव्हिटी ०.३५, कापडी पॅड ४५ × ४० सेंमी. कॅबिनेट लोखंडी, टेबलाखाली. यूएसबीचं सगळं मागच्या बाजूला लावलेलं, वायफायचा डोंगलसुद्धा तिथेच.

शंका तीन. वायरलेसला लॅग असतो का, आणि असला तर खेळताना जाणवतो का? सेलमुळे वजन वाढतं, त्याचं काय? आणि डबल क्लिक करणारा जुना माऊस दुरुस्त होतो की सरळ भंगारात?

मिलिसेकंद:
पहिल्या शंकेपुरतं लिहितो.

वायरलेस म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, त्यांची गल्लत करू नका. ब्लूटूथ माऊस दर साडेसात मिलिसेकंदांनी किंवा त्याहून सावकाश बोलतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम १३३ वेळा. तो ऑफिसच्या कामाला ठीक, गेमिंगला नाही. सोबत स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झ डोंगल येणारे गेमिंग माऊस (जी३०४ त्यातलाच) १००० हर्ट्झवर चालतात, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक रिपोर्ट (हालचालीची खबर). साधा वायर्ड गेमिंग माऊसही तेवढेच देतो. ब्लूटूथ आणि डोंगल दोन्ही असलेला माऊस घेतलात तर खालचा स्विच २.४ वर आहे ना, एवढं बघा. ‘वायरलेस अडकतो’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा स्विच ब्लूटूथवर असतो.

आता हिशेब. तुमचा मॉनिटर एक फ्रेम ६.९ मिलिसेकंद दाखवतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर १२८ टिकचा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा बघतो. वर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) आहेच. या सगळ्यात रेडिओमुळे पडणारी भर मिलिसेकंदाच्या आगेमागे. ती हाताला कळत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये व्हॅलोरंट आणि सीएसचे (काउंटर-स्ट्राइक) बहुतेक खेळाडू आज वायरलेसच वापरतात, ते उगाच नाही.

हाताला कळतं ते रिपोर्ट गळणं. उशिरा येणारा रिपोर्ट आणि न आलेला रिपोर्ट यात फरक आहे. हवेत गोंधळ असला की मधले काही रिपोर्ट डोंगलपर्यंत पोचत नाहीत, आणि फ्लिकच्या (माऊसच्या झटक्याच्या) ऐन मध्यात क्रॉसहेअर (नेमाची खूण) क्षणभर थबकून उडी मारतो. आणि तुमचा सेटअप बघता हे होणार याची जवळपास खात्री आहे. लोखंडी कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, वायफाय डोंगलला खेटून माऊसचा डोंगल लावायचा आणि मग वायरलेसला शिव्या घालायच्या, हा नेहमीचा प्रकार.

असं करा:

१. जी३०४ च्या खोक्यात यूएसबीची एक्स्टेन्शन केबल येते. ती वापरा. डोंगल टेबलावर, पॅडच्या पुढच्या कडेला, माऊसपासून २० ते ३० सेंमीवर आला पाहिजे.

२. केबल काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावा. निळ्या ३.० पोर्टात हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असला की त्याचा विजेचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलंय. निळ्याशिवाय पोर्टच नसेल तर एक्स्टेन्शनने डोंगल लांब आणला तरी बहुतेक काम होतं.

३. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. डोंगलला ५ चालत नसेल तर तो निदान अर्धा मीटर लांब ठेवा. त्याहून बरं म्हणजे राउटरपासून लॅनची केबल ओढा, पिंगलाही फायदा.

४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या’ ही खूण काढा. लॅपटॉपवाल्यांनी तर नक्कीच.

तपासायचं असेल तर माऊसटेस्टर नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे. त्यात वेळेच्या अंतराचा आलेख काढा. ठिपके १ मिलिसेकंदाच्या रेषेवर दाटीने बसले तर सगळं ठीक. २ आणि ३ च्या रेषांवर सतत ठिपके दिसले तर रिपोर्ट गळताहेत. मात्र मोजताना माऊस जोरात गोल फिरवा. ८०० डीपीआयला सेकंदाला १००० रिपोर्ट भरायला माऊस निदान ३.२ सेंमी प्रतिसेकंद सरकावा लागतो. हळू हलवलात तर चांगला माऊसही ४००-५०० दाखवेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

वायरवाला:
लॅगबद्दल वाद नाही, पण ३ हजारांत वायरलेस घ्यायची घाई का, ते कळत नाही. जी३०४ सेल धरून ९९ ग्रॅम. त्याच कंपनीचा वायर्ड जी१०२ ८५ ग्रॅम आणि बराच स्वस्त. ५८-६३ ग्रॅमचे वायरलेस (सुपरलाइट, व्हायपर व्ही२ प्रो) या बजेटमध्ये नाहीत. म्हणजे वायर सोडायची आणि १४ ग्रॅम जास्त उचलायचे. माऊस उचलून परत मागे ठेवायची सवय असेल, तर ते १४ ग्रॅम तासाभराने मनगटाला सांगतात.

वायरचा त्रास बहुतेकांना होतो तो ती नीट न बांधल्यामुळे. केबल टेबलाच्या मागच्या कडेवरून खाली लोंबते आणि तिचं वजन माऊसला मागे ओढत राहतं. उपाय: केबल जिथे बांधायची त्या जागेपासून पॅडचा सर्वांत लांबचा कोपरा असेल तिथे माऊस न्या (म्हणजे तुमच्या जवळच्या कडेचा), त्या स्थितीत केबल थोडी सैल राहील एवढी सोडा, आणि मग ती मॉनिटरच्या स्टँडला बांधा किंवा बंजीत (केबल उचलून धरणाऱ्या छोट्या स्टँडमध्ये) अडकवा. केबल पॅडवर घासता कामा नये, हवेत कमान राहिली पाहिजे. तेवढ्याने निम्मी ओढ जाते.

तरी जाड रबरी केबल ताठच वाटली, तर पॅराकॉर्डची (विणलेल्या दोरीच्या वेष्टनाची) मऊ केबल मिळते. आत चार किंवा पाच तारांचा छोटा कनेक्टर असतो. पण तारांचा क्रम प्रत्येक मॉडेलला वेगळा. रंगांवर जाऊ नका; मल्टिमीटरने यूएसबीच्या टोकापासून एकेक तार वाजवून बघा आणि मगच लावा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटे लागले तर माऊस जागेवर गेलाच म्हणून समजा.

मिलिसेकंद:
@वायरवाला, वजनाचा मुद्दा बरोबर. पण कोथरूड१४४ यांची सेन्सिटिव्हिटी बघा, उत्तर तिथे आहे.

व्हॅलोरंटमध्ये एका काउंटला ०.०७ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी. ०.०७ × ०.३५ × ८०० = १९.६ अंश प्रति इंच. ३६० ला १९.६ ने भागलं की १८.४ इंच, म्हणजे पूर्ण गिरकीला साधारण ४६.७ सेंमी. मागे वळून बघायचं तर माऊस २३ सेंमी सरकतो आणि केबलही त्याच्याबरोबर २३ सेंमी फरफटते. शिवाय ओढ दोन्हीकडे सारखी नसते. केबल उजवीकडून येत असेल तर डावीकडे जाताना ती ताणते आणि उजवीकडे येताना सैल पडून वळते. तोच फ्लिक एका बाजूला कमी पडतो आणि दुसऱ्या बाजूला पुढे जातो. वजन निदान सगळ्या दिशांना सारखं असतं, हाताला त्याची सवय होते.

गिरकीला १५-२० सेंमी लागणाऱ्यांनी बंजी लावून वायर्ड खुशाल घ्यावा. ४५ च्या पुढे जाणाऱ्याला वायर नसण्याचा खरा उपयोग होतो.

पेन्सिलसेल:
जी३०४ चं वजन कमी करता येतं, कारण आत सुटा पेन्सिल सेल आहे.

साधा अल्कलाइन सेल सुमारे २३ ग्रॅम. त्याजागी लिथियमचा एए (१.५ व्होल्टवाला, विकत घेताना नीट वाचा) घातलात तर १५ ग्रॅम, म्हणजे माऊस ९१ वर आला. रिचार्जेबल निकेल सेल उलट जड, २७ ग्रॅमच्या आसपास, पण खर्चाला परवडतो. तिसरा मार्ग बारीक एएए सेलचा: तो ११-१२ ग्रॅमचा, पण एएपेक्षा ६ मिलिमीटर आखूड आणि सडपातळ. प्लॅस्टिकचं अॅडॅप्टर मिळतं, त्यात बसवायचा. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा कोंबून जागा भरणारे लोक आहेत. फॉइल सरकून दोन्ही टोकांना टेकली तर सेल शॉर्ट होऊन तापतो. नकोच ते.

सेल तळव्याखाली, मागच्या बाजूला बसतो, म्हणून तिथले दहा ग्रॅम कमी झाले की तोलही सुधारतो. कंपनी १००० हर्ट्झला २५० तासांपर्यंत म्हणते ते एए सेलवर. एएए ची क्षमता निम्म्याहून कमी, त्या मानाने तास कमी धरा.

टक्केवारीवर फार विसंबू नका. निकेल सेल मुळातच १.२ व्होल्टचा, त्यामुळे पूर्ण भरलेला असूनही सॉफ्टवेअर कमी दाखवतं. लिथियमचं उलट, व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम पडतं. रँक्ड खेळणार असाल तर एक जादा सेल टेबलाच्या खणात असू द्या.

सोल्डरवाला:
डबल क्लिकबद्दल. आधी बिल शोधा. वॉरंटी शिल्लक असेल तर माऊस उघडू नका, बदलून घ्या.

वॉरंटी संपली असेल तर दुरुस्ती सोपी आहे. बटणाखालच्या मायक्रोस्विचमध्ये एक पातळ पत्ती असते. तिचा ताण कमी होतो किंवा संपर्कावर ऑक्साइडचा थर चढतो. माऊसमधला प्रवाह इतका क्षीण असतो की तो थर जाळून जात नाही, आणि एकाच दाबात संपर्क दोनदा जुळतो. सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सची (एका क्लिकनंतर क्षणभर दुसरा न मोजण्याची) सोय असेल तर ती वाढवून काही महिने निघतात, पण तेवढा क्लिक उशिरा लागू शकतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारणंही तात्पुरतंच. स्विच बदला.

लागतं ते: तीन पायांचे माऊस स्विच २ (डावा बदलताना उजवाही बदला, नाहीतर दोन बटणांचा दाब वेगळा लागतो), ६०/४० सोल्डर (कथील आणि शिसं), विक (सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी), बारीक स्क्रूड्रायव्हर, नवे स्केट्स (माऊसखालच्या घसरपट्ट्या). हुआनोचे निळ्या कवचाचे, गुलाबी ठिपक्याचे किंवा कैल्ह जीएम ८.० चालतात. ऑप्टिकल स्विच घेऊ नका, त्याचं सर्किटच वेगळं.

स्क्रू बहुधा खालच्या स्केट्सच्या मागे लपलेले असतात. हेअर ड्रायरने २०-३० सेकंद गरम करून स्केट्स उचला. वरचं कवच झटक्याने ओढू नका, काही मॉडेल्समध्ये आत पट्टीची केबल असते. बोर्ड बाहेर काढल्यावर प्रत्येक पायावर आधी थोडं नवं सोल्डर चढवा. कारखान्यातलं सोल्डर शिसेविरहित, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ६०/४० मिसळलं की लवकर सुटतं. खुणेची गोष्ट ही की पहिल्या पायावर सोल्डर चमकून एकसारखं पसरलं की मगच विक लावायची. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, एका पायावर ३-४ सेकंद, बस. जास्त धरलंत तर बोर्डावरचा तांब्याचा गोल उचकटतो आणि मग तार ओढत बसावं लागतं.

स्विचची दिशा पाहून ठेवा. वरचं छोटं बटण मधोमध नसतं, एका टोकाकडे असतं. उलटा बसवलात तर कवचाचा दांडा त्यावर येतच नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

कोथरूड१४४:
सगळ्यांचे आभार. म्हणजे जी३०४, लिथियम सेल, डोंगल पुढे. जुना माऊसही स्विच बदलून ठेवतो. अजून दोन गोष्टी: पोलिंग रेट (सेकंदाला किती रिपोर्ट) कुठे ठरवायचा? आणि ८००० हर्ट्झवाले माऊस दिसतात, ते पुढेमागे घेण्यासारखे आहेत का?

मिलिसेकंद:
जी हबमध्ये (लॉजिटेकचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट रेट, म्हणजे तोच पोलिंग रेट, १०००, डीपीआयचा एकच टप्पा ८००, बाकीचे टप्पे काढून टाका म्हणजे चुकून बटण दाबलं तरी फरक नाही. हे माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवा. मग जी हब काढून टाकलं तरी चालतं. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा.

८००० चं म्हणाल तर फरक १ मिलिसेकंद आणि ०.१२५ मिलिसेकंद एवढाच, १४४ हर्ट्झवर तो दिसायचा नाही. प्रोसेसर जुना असेल तर माऊस हलवताना एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात, आणि वायरलेसमध्ये बॅटरी झपाट्याने उतरते. आधी २४० किंवा ३६० हर्ट्झचा मॉनिटर घ्या, मग बोलू.

वायरवाला:
आणि पॅडकडेही बघा. पावसाळ्यात कापडी पॅड दमट होतो, माऊस जड चालतो आणि लोक सेन्सरला दोष देतात. गार पाण्यात, सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, पिळू नका, सावलीत पंख्याखाली पूर्ण दिवसभर वाळवा. खालचं रबर ओलं असताना टेबलावर टाकलात तर कडा वर वळतात.