सिंफनीचा छापील स्कोअर बघत ऐकताना ओळ हरवते, कशी धरायची?

पंचवटीकर:
भातखंडे लिपी नीट वाचता येते, पाश्चात्त्य पाच रेषाही अडखळत का होईना वाचतो. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेली प्रत) आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या वेबसाइटवरून उतरवलाय. पहिला भाग लावला की सुरुवात सापडते, पण वीसेक सेकंदांत कुठे आहे तेच कळत नाही. पुढे पानं उलटत राहिलं तर वादक मध्येच पहिल्या ओळीवर परत गेलेले असतात! दुसरं म्हणजे क्लॅरिनेटची ओळ हार्मोनियमवर बाकीच्यांशी जुळत नाही. छपाईची चूक आहे का? आणि कॉलेज रोडला प्रिंट काढायची झाली तर दुकानदाराला नेमकं काय सांगायचं?

दुगुन:
वीस सेकंदांत हरवता म्हणजे २१ ते २४ या बारांत (दोन उभ्या रेघांमधला तुकडा म्हणजे एक बार) हरवता. सुरुवातीलाच ठहरावाची खूण (अर्धवर्तुळ आणि आत टिंब) चार ठिकाणी आहे: बार २, ५, २१ आणि २४. तिथे मात्रा मोजायच्याच नाहीत, संचालक हात सोडेपर्यंत थांबायचं. दुसरा ठहराव पहिल्यापेक्षा लांब, कारण तिथे दोन बार बांधलेले आहेत. २१ला पहिलं व्हायोलिन एकटंच सूर धरून राहतं, बाकीचे गप्प. तुम्ही मोजत राहता, वादक थांबलेले असतात.

दुसरी अडचण वेगाची. वर २/४ लिहिलंय म्हणून बारात दोन मात्रा मोजू नका. बीथोव्हेनने दिलेली गती मिनिटाला १०८ आहे, आणि ती अख्ख्या बाराची आहे. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळात एक बार जातो. एक बार म्हणजे एक मात्रा धरा आणि बोटावर चार-चारचे विभाग मोजा. प्रत्येक सूर वाचायला गेलात की संपलंच.

बंदिशीची सवय इथे थोडी आड येते. भातखंडे लिपीत कागदावर फक्त सांगाडा असतो. गायक कितीही लांब गेला तरी समेवर येऊन मुखडा घेतो आणि आपण पुन्हा जोडले जातो. इथे आवर्तन फिरून येत नाही. त्यामुळे भेटायच्या जागा आधी ठरवून ठेवाव्या लागतात. या भागात पेन्सिलीने एवढ्या खुणा करा:

बार ५९: सगळे थांबतात, दोन हॉर्नच वाजतात. बार १२४: पुनरावृत्तीची खूण, इथून सरळ पहिल्या पानावर. गती आणि ठहराव धरून ही जागा साधारण दीड मिनिटाच्या आसपास येते. बार २४८: सुरुवातीचा आकृतिबंध सगळा वाद्यवृंद जोरात घेतो. बार २६८: सगळं थांबतं आणि ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) एकटाच संथ काही सूर वाजवतो. हरवलात तर घाबरून पानं चाळू नका, पुढच्या खुणेवर जाऊन बसा आणि वादकांना येऊ द्या.

जुन्या आवृत्त्यांत बारांचे आकडे नसतात. एकदा बसून प्रत्येक पट्ट्याच्या (एकाच वेळी वाजणाऱ्या ओळींचा गट) सुरुवातीला आकडा लिहून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी वाट तिथेच सोपी होते.

डोळा कुठे ठेवायचा? बासऱ्या-ओबो वर, मग हॉर्न-ट्रम्पेट, मग टिंपनी (मोठे नगारे), तंतुवाद्यं सगळ्यात खाली. तंतुवाद्यांची सगळ्यात वरची ओळ पहिल्या व्हायोलिनची; बहुतेक वेळ तीच धरून चला. एक सापळा मात्र आहे: जे वाद्य वाजत नाही त्याची ओळ छापतच नाहीत. म्हणून एका पानावर बारा ओळींचा पट्टा, दुसऱ्यावर पाच-पाच ओळींचे दोन. दोन पट्ट्यांमध्ये डावीकडे दोन तिरप्या जाड रेघा दिसल्या की समजा, खालचा भाग नंतर वाजणार आहे, बरोबर नाही.

खरं तर पाचवी हा सुरुवातीचा धडा नव्हे. बाखच्या पहिल्या सेलो सुईटचा प्रिल्यूड घ्या: एकच ओळ, ४२ बार, एका बारात सोळा सूर, आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपतो. बार २२ला एक ठहराव आहे, तेवढाच थांबा. तो तीनदा न चुकता झाला की मोत्झार्टचं ‘आइने क्लाइने नाख्टम्युझिक’. तिथे सगळी तंतुवाद्यं, ओळी चार.

काळी_पाच:
क्लॅरिनेटची छपाई बरोबर आहे. तुमच्या हाताशी हार्मोनियम आहे म्हणून पट्टीच्या भाषेत सांगतो. हा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा: त्याने लिहिलेला ‘सी’ वाजवला की काळी पाच ऐकू येते. आपण नाही का, गायकाची पट्टी कोणतीही असो, सा-च लिहितो? तसंच.

करून बघा. व्हायोलिनला पांढरी एक सा धरून: प प प, कोमल ग. क्लॅरिनेटच्या ओळीत तेच सूर ध ध ध म असे दिसतात. आता सा काळी पाच धरा आणि ध ध ध म वाजवा. बोटं व्हायोलिनच्याच पट्ट्यांवर येतील: पांढरी पाच, मग काळी दोन. ओळीच्या सुरुवातीलाही खूण आहे: व्हायोलिनला तीन फ्लॅट (कोमलच्या खुणा), क्लॅरिनेटला एकच.

हॉर्न ई फ्लॅटचे, म्हणजे सा काळी दोन. ५९चे सूर तिथून प प प सा, रे, मंद्र प असे निघतात. व्हिओलाच्या ओळीच्या सुरुवातीची खूण वेगळी आहे, मधली रेष म्हणजे मध्य सी. ती वाचत बसू नका, सूर चढतो की उतरतो एवढंच बघा.

बाखसाठी एक इशारा. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची रेकॉर्डिंगं बहुधा ४१५ हर्ट्झला लावलेली असतात, म्हणजे अर्धा सूर खाली. स्कोअरमध्ये जी आणि हार्मोनियमवर जुळतेय काळी तीन, असं झालं तर रेकॉर्डिंग तसं आहे.

स्पायरल_बाइंडिंग:
दुकानात सांगा: ए४, दोन्ही बाजूंनी, लांब कडेवर पलटी, डाव्या बाजूला स्पायरल. पलटीचं सांगितलं नाही तर मागची बाजू उलटी येऊ शकते, पहिल्या चार पानांवर तपासून घ्या. एका पानात दोन पानं बसवायला देऊ नका. बारीक केलं की पाचपैकी एखादी रेष उडते आणि सूर कुठल्या रेषेवर ते कळत नाही. पुनरावृत्तीच्या पानाला रंगीत चिकट पट्टी लावा, नुसत्या बोटाने पान सापडत नाही.

स्कोअर सरकत जाणारे व्हिडिओ पहिल्यांदा बघायला ठीक. पान तेच उलटतात, डोळा आळशी होतो.

पंचवटीकर:
खुणा करून २६८चा ओबो गाठला! आता ३०३ला अडलो. छापलंय बासून (खालच्या सुरांचं फुंकवाद्य), माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हॉर्न ऐकू येतो. पान चुकलं की कान?

दुगुन:
दोन्ही नाही. ५९ला हॉर्न ई फ्लॅटचे आहेत, ३०३ला तीच हाक सी मेजरमध्ये येते. त्या काळच्या बिनकळीच्या (बोटाने दाबायच्या झडपा नसलेल्या) हॉर्नला नळी बदलल्याशिवाय हे सूर नीट मिळत नसत, आणि तेवढा वेळ तिथे नाही. म्हणून बीथोव्हेनने बासूनला दिली. पुढे कळीचे हॉर्न आल्यावर काही संचालक ही जागा हॉर्नलाच देतात. तुमचं रेकॉर्डिंग त्यातलं. बासूनच्या ओळीवर डोळा ठेवा, सूर तेच आहेत.