एकाच काठावर इतक्या जातींचे पक्षी कसे काय पोट भरतात?

प्रश्न : शेतकरी, पैठण तालुका
नमस्कार मंडळी. आमची शेती नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाला लागून आहे. पाणी ओसरून गाळ उघडा पडला की आम्ही त्यात हरभरा पेरतो आणि त्याच सुमारास काठ पक्ष्यांनी भरून जातो. काल सकाळी बांधावर बसून पाहिले, तर शंभरेक पावलांच्या पट्ट्यात शेकाटे, तुतारी, चमचे, थापट्या बदके आणि चांदवे एकदमच चरत होते, तरीही कोणी कोणाच्या अंगावर धावून गेल्याचे फारसे दिसले नाही. ही वाटणी नेमकी कशी होते? की अन्नच इतके मुबलक आहे, की भांडायला कारण उरत नाही?

उत्तर : जीवशास्त्राच्या शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर
दादा, अन्न मुबलक असते हे खरे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. १९३४ साली गाउझ या रशियन शास्त्रज्ञाने पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन जाती एकाच भांड्यात, एकाच अन्नावर वाढवल्या, तेव्हा एक टिकली आणि दुसरी नाहीशी झाली. म्हणजे गरज तंतोतंत सारखी असली तर सहवास टिकत नाही. आपण पाहिलेल्या पट्ट्यात गरजाच वेगळ्या आहेत. तुतारी ओल्या चिखलात चोच खुपसून किडे व अळ्या शोधते. शेकाट्याचे पाय लांब असल्यामुळे तो तिच्या पुढे, गुडघाभर पाण्यात जातो. चमचा आपली चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो आणि चोचीला स्पर्श होताच मासा किंवा किडा पकडतो. थापट्याच्या चोचीला कडेने बारीक दाते असतात, त्यांतून तो पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातो. जायकवाडीचा जलाशय उथळ आणि पसरट असल्यामुळे असे खोलीचे पट्टे येथे रुंद मिळतात. म्हणूनच १९८६ साली पक्षी अभयारण्य घोषित झालेल्या या जागेवर इतक्या जाती एकत्र मावतात, असे मला वाटते.

उत्तर : पक्षीनिरीक्षक, पैठण
ताईंचे म्हणणे पटते, पण काठावर सगळे गुण्यागोविंदाने चालते असे समजू नये. चांदव्याकडे थोडा वेळ टक लावून पाहा. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा हा पक्षी बुडी मारून तळाचे शेवाळ व पाणवनस्पती वर आणतो. त्याच्या मागे गढवाल बदक तरंगत असते. चांदवा वर आला रे आला, की गढवाल त्याच्या चोचीतून लोंबणाऱ्या वनस्पतीचा तुकडा हिसकावून घेते. गढवालला स्वतःला खोल बुडी मारता येत नाही, त्यामुळे एरवी हाती न लागणारे अन्न त्याला आयते मिळते. हा हक्काचा वाटा नाही, ही लूट आहे. मात्र चांदवा तिथून हलत नाही, पुन्हा बुडी मारतो.

उत्तर : गाळपेर करणारा, गंगापूर तालुका
आम्हाला पडणारा प्रश्न वेळेचा आहे. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, दिवसा पाण्यावर विसावतात आणि रात्री व पहाटे कोवळ्या हरभऱ्यात, गव्हात उतरतात. चक्रवाकही बहुतेक रात्रीच चरतो. त्यामुळे दिवसभर काठावर राबणाऱ्या पक्ष्यांशी त्यांचा संघर्ष होत नाही, संघर्ष होतो तो आमच्याशी. माझ्या बांधाकडेचे दोन वाफे गेल्या हिवाळ्यात शेंड्यांपर्यंत खुडले गेले, आणि त्याचे मला वाईट वाटलेच. पण ते उतरतात त्या जागी त्यांची विष्ठाही पडते, आणि तिच्यातून नत्र जमिनीत जाते, हेही मी नाकारत नाही. ज्या वर्षी पाणी झपाट्याने ओसरते, त्या वर्षी चिखल लवकर कडक होतो, सगळ्यांची गर्दी उरलेल्या डबक्यांवर होते आणि मग मात्र भांडणे दिसतात.

प्रश्नकर्ता :
आपणा सर्वांचे आभार. आज पहाटे पुन्हा गेलो होतो. गढवालने चांदव्याच्या चोचीतून तुकडा ओढून नेल्याचे दोनदा पाहिले. आता पाणी ओसरेल तसतसा शेकाटे आणि तुतारी यांच्यामधला पट्टा किती अरुंद होतो, हे काठी रोवून दर आठ दिवसांनी मोजणार आहे आणि ते आकडे येथेच लिहीन.