मदत हवी आहे : दशावतारासाठी जुनी टाकुमार लेन्स, पातळ अडॅप्टर आणि बुरशी

कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. यंदा देवळासमोर रात्री रंगणारे दशावताराचे प्रयोग हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सने टिपावेत, अशी मनापासून इच्छा आहे. त्याआधी दोन अडचणी सुटायला हव्यात, म्हणून अशा लेन्स प्रत्यक्ष वापरणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

कॅमेरा सोनी ए६४०० आहे. मामांनी दिलेल्या दोन लेन्स आहेत : सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आणि रशियन हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. दोन्ही एम४२ आट्यांच्या, म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या आहेत. या लेन्सचे माउंटपासून (लेन्स कॅमेऱ्यावर बसते ती कडा) फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी आणि सोनी ई माउंटचे १८ मिमी, त्यामुळे मधले २७.४६ मिमी भरून काढणारा साधा, बिनकाचेचा अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारे कडे) पुरतो. टाकुमारवरचा ए/एम खटका (अ‍ॅपर्चर आपोआप की हाताने, हे ठरवणारा) एमवर, म्हणजे हाताने, असा ठेवला आहे आणि लेन्स जोडलेली नसतानाही शटर चालण्याची सोय मेनूतून सुरू केली आहे. छायाचित्रे निघतात, आणि टाकुमारने पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर रंगवलेल्या चेहऱ्याला जो मऊपणा येतो तो मला आजच्या लेन्समध्ये आढळलेला नाही.

पहिली अडचण अडॅप्टरची आहे. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट स्क्रीनवर मोठा करून पाहिला, तर दगडांचे सांधे स्वच्छ दिसतात तेव्हा टाकुमारची फोकसची रिंग इन्फिनिटीवर (अनंत अंतराच्या खुणेवर) नसून १० मीटरच्या जवळपास असते. तिथून पुढे फिरवली की तट पुन्हा धूसर होतो. हेलिओससुद्धा तशीच इन्फिनिटीच्या पलीकडे जाते, तेव्हा दोष लेन्सचा नसून अडॅप्टर पातळ आहे, हे उघड आहे. इन्फिनिटीवरून १० मीटरवर येताना ५० मिमीची लेन्स साधारण पाव मिलिमीटर पुढे सरकते, म्हणजे अडॅप्टर तेवढाच कमी भरला असावा. विक्रेत्याचे म्हणणे असे की, इन्फिनिटी मिळते आहे, मग बिघडले कुठे?

दशावतारात मात्र नेमके तिथेच बिघडते. मी फ्लॅश वापरत नाही आणि वापरणारही नाही, कारण त्याने नटांचे आणि प्रेक्षकांचे लक्ष विचलित होते आणि मंचावरच्या उजेडाचा सगळा रंग पुसला जातो. बाकावर बसून संवाद म्हणणारी राजपार्टी (राजाचे पात्र) स्क्रीन मोठी करून सावकाश फोकस करता येते. युद्धाचा नाच सुरू झाला की तेवढी उसंत नसते. मग रिंग अंदाजाने चार मीटरवर ठेवून पात्र त्या टप्प्यात येण्याची वाट पाहणे एवढाच मार्ग उरतो. चार मीटरवर एफ/२ला ए६४००च्या सेन्सरवर जेमतेम अर्धा मीटर खोली स्पष्ट येते. पाव मिलिमीटर पातळ अडॅप्टरमुळे रिंग चार मीटर दाखवत असताना फोकस प्रत्यक्षात साडेसहा मीटरवर जातो आणि नटाऐवजी मागचा पडदा तेवढा स्वच्छ उतरतो.

फोकस पीकिंगचाही (फोकसमध्ये आलेल्या कडा स्क्रीनवर रंगाने दाखवण्याची सोय) इथे भरवसा धरता येत नाही. मुकुटावरची चमकी आणि शेल्याची जर फोकसच्या थोडी मागे-पुढे असली तरी रंगीत कडांनी उजळून निघते, डोळे मात्र हुकतात. आणि काळ्या वेशातल्या संकासुरावर पीकिंगला पकडायला कडाच सापडत नाही.

म्हणून विचारतो : अडॅप्टरची ई माउंटची चकती स्क्रू काढून वेगळी होते, तिच्याखाली पितळी पत्र्याची पाव मिलिमीटरची चकती घालण्याचा उपाय कोणी केला आहे का? जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही तर लेन्स तिरकी बसून चौकटीची एक बाजू धूसर होईल, ही भीती आहे. की मापात अचूक असा दुसरा अडॅप्टर घेणे शहाणपणाचे? तसा अनुभव असल्यास त्याचे नावही कळवावे. शिवाय हलत्या पात्रांसाठी एफ/२.८ आणि आयएसओ ६४०० असा मेळ घालावा, की एफ/२वरच राहून काही छायाचित्रे वाया जाऊ द्यावीत? शटर मी १/१०० ठेवतो, कारण त्याहून वेगवान केले की मंचावरच्या काही एलईडी दिव्यांमुळे चित्रात आडवे पट्टे उमटतात.

दुसरी अडचण आपल्या किनाऱ्यावर कोणालाच चुकलेली नाही. हेलिओसच्या मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू टॉर्चच्या उजेडात दिसतात. ही बुरशी काचेवरचा लेप खाते, त्यामुळे आणखी एक पावसाळा तसाच जाऊ द्यायचा नाही. चामड्याच्या पेटीत ओल धरते म्हणून दोन्ही लेन्स तिच्यातून काढल्या आहेत. टाकुमारला लागण होऊ नये म्हणून त्या वेगवेगळ्या हवाबंद डब्यांत, सिलिका जेलसह ठेवल्या आहेत आणि डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखतो. काच धरून ठेवणारी आतली रिंग लेन्स रेंचने घरी उघडण्याची तयारी आहे, पण खाऱ्या हवेने तिचे आटे धरले असतील तर जोर लावावा का, हे ठरत नाही. गोवा, कोल्हापूर किंवा रत्नागिरी इथे जुन्या लेन्स सांभाळून उघडणारे कारागीर असतील तर त्यांच्याकडे स्वतः घेऊन जाईन. कुरिअरने पाठवायची इच्छा नाही.

अडॅप्टरचे उत्तर आधी मिळाले तर बरे, कारण जत्रांसाठी टाकुमार सज्ज हवी आहे.