भाच्याला ट्रकवर जाऊ द्यावं का?

लोकमान्यनगरकर
भाचा 19 वर्षांचा. बारावीनंतर शिकायचं नाही म्हणतो, ट्रक चालवायचाय. ओळखीच्या गाडीवर क्लीनर म्हणून मुंबईला जाऊनही आला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या टॅक्स्या माणसाशिवाय फिरतात हे ताईने मोबाइलवर पाहिलं, तेव्हापासून ती अडून बसलीय: दहा वर्षांनी याला कोण विचारणार? इंदूरच्या देवास नाक्यावर ट्रान्सपोर्टच्या धंद्यात कोणी असेल तर सांगा.

जुना_बिल्टीवाला
ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडण्यात जन्म गेला, म्हणून जरा लांबण लावतो.

स्टेअरिंग धरणं हे ड्रायव्हरचं अर्धंच काम. पीथमपूरच्या कारखान्यांचा माल भिवंडीच्या गोदामांना निघाला की दोरी ताणायची त्यानेच. वाटेत मानपूरला पाऊस लागला, तिरपालाचा कोपरा सुटला, की वर चढायचं त्यानेच. गोदामाच्या दारात रात्रभर नंबर लावायचा, सकाळी हम्मालांशी वाद घालायचा, आणि पोचपावतीवर 'दोन पेट्या ओल्या' असा शेरा पडला की मालकाच्या शिव्याही त्यालाच.

आता पैशाचं बघा. अमेरिकेत ट्रकच्या खर्चात ड्रायव्हरचा पगार हाच सगळ्यात मोठा आकडा, म्हणून अरोरा कंपनीने 2025 मध्ये डलास-ह्यूस्टन विनाड्रायव्हर ट्रक सोडले. (थोड्याच दिवसांत, ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून, सीटवर पुन्हा माणूस बसवला. हेही ताईंना दाखवा.) आपल्याकडे मोठा आकडा डिझेलचा. ड्रायव्हर काढून जे वाचेल त्यात तसल्या यंत्राचा हप्ताही निघायचा नाही.

काम जातं ते कुंपणाच्या आत. ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या लोहखाणीत रिओ टिंटो कंपनीने 2008 पासून विनाड्रायव्हर डंपर आणले. त्यांच्यावर नजर ठेवणारे बसतात सुमारे 1,500 किलोमीटरवर, पर्थला. खाणीत गाय आडवी येत नाही की राँग साइडने बाइक. तेव्हा भाच्याने कारखान्याच्या आतल्या फेऱ्यांवर जन्म काढू नये, लांबचा रूट धरावा.

विजयनगर_ईव्ही
काका, ट्रकचं पटलं. पण टॅक्सीचं काय? चीनमध्ये वुहानला बायडू कंपनीच्या विनाड्रायव्हर टॅक्स्या इतक्या स्वस्तात फिरल्या की 2024 मध्ये तिथले टॅक्सीवाले ओरडायला लागले. नोकरी राहिली तरी भाडं पडलं की खाणार काय?

जुना_बिल्टीवाला
भाडं पाडायला रोबो कशाला हवा भिया? ॲपवाल्यांचं कमिशन पुरतं. माझा पुतण्या रोज रडतो.

लोकमान्यनगरकर
ताईला सगळं वाचून दाखवलं. रोबोचं सोडलं तिने. आता म्हणते, ड्रायव्हरला मुलगी कोण देणार?

जुना_बिल्टीवाला
घाई काय आहे? 20 पूर्ण झाल्याशिवाय आणि एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सला वर्ष झाल्याशिवाय हेवी, म्हणजे ट्रकचं, मिळतच नाही. तोवर एलएमव्ही काढून घेऊ दे. आणि नव्या बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला 2025 मध्ये एसी सक्तीचा झालाय, तेवढं मुलीकडच्यांच्या कानावर घाला.