नवरात्रातील जागरण, उपवास आणि लिथियमच्या गोळ्या

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
माझ्या यजमानांना बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साहात, कधी नैराश्यात जाण्याचा आजार) असल्याचे तीन वर्षांपूर्वी कळले. मन स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध चालू आहे. गेल्या नवरात्रात ते रोज रात्री दोन वाजता गरब्याहून परतत. सातव्या पहाटे उठून पाहते तो स्वयंपाकघरातले सगळे डबे फरशीवर मांडलेले आणि हे प्रत्येक झाकणावर निळ्या शाईने धान्याचे नाव लिहीत बसलेले. मला तो उत्साह वाटला. आठवड्याभरात मुदतठेव मोडली गेली आणि आमची दिवाळी रुग्णालयात गेली. यंदा ते नऊ दिवसांचे उपवासही धरणार आहेत. अडवले की म्हणतात, "मी तुझा रुग्ण नाही." मी काय करावे?

उत्तर 1
ताई, कमी झोप हे मॅनियाचे, म्हणजे या आजारातल्या अतिउत्साहाच्या झटक्याचे, लक्षण आहे, तसेच ते त्याला निमित्तही होते, म्हणून जागरणाकडे दुर्लक्ष करू नका. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली की डॉक्टरांना फोन करायचा, हे माझ्या मुलाने बरा असताना स्वतःच्या अक्षरात लिहून दिले आहे. तो कागद देवघराच्या खणात असतो. त्या वेळी आईने बोलू नये, मामाने बोलावे, असेही त्यात आहे, आणि ते मला सुरुवातीला फार लागले होते. पण एकदा मॅनिया चढला की आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नाही, तेव्हा वाद घालून काही निघत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 नुसार त्याने मला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयात त्याला मदत करणारी व्यक्ती, म्हणूनही नेमले आहे. ठेवीबद्दल तुम्हीही आत्ताच, शांतपणे, दोघांनी मिळून ठरवा.

उत्तर 2
मी निवृत्त औषधविक्रेता आहे, म्हणून उपवासाबद्दल लिहितो. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातले मीठ आणि पाणी घटले की मूत्रपिंड ते धरून ठेवते आणि रक्तातले प्रमाण वाढते. त्यामुळे निर्जळी किंवा अलोणा उपवास तुमच्या यजमानांसाठी धोक्याचा आहे, त्यात गरब्याचा घाम वेगळाच. सैंधवातही सोडियम असते, तेव्हा ते खाऊन, भरपूर पाणी पिऊन काही करता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारा. पाय दुखले म्हणून आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. हात जोराने थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे किंवा जीभ जड होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी करतात. ती नवरात्राआधी करून घ्यावी.

उत्तर 3
मी स्वतः या आजाराचा रुग्ण आहे. मी मोठ्याने हसलो की घरातून "गोळी घेतलीस का?" असा प्रश्न येई, आणि तो ऐकून गोळी फेकून द्यावीशी वाटे. यजमानांचा आनंद दर वेळी आजार नसतो, हे कृपया लक्षात ठेवा. मॅनिया उतरल्यावर येणारे नैराश्य मला अधिक जड गेले. तेव्हा जगण्याला अर्थ नाही असे ते बोलले तर ते मनावर घ्या, एकटे सोडू नका, डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो. गरबा मात्र बंद करू नका. आम्ही दोघे गल्लीतल्या शेरी गरब्याला जातो, साडेदहाला एकत्र निघतो, आणि निघायची आठवण मीच पत्नीला करतो.