डीव्हीडी ड्राइव्ह बंद आहे, जुना लॅपटॉप रिसेट कसा मारू?

जुनी_बॅटरी

नमस्कार मंडळी, घरात एक जुना लॅपटॉप आहे, विंडोज ७ च्या काळातला. कोअर टू ड्युओ, ३ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क. बाबा सगळं त्यावरच करायचे, हिशेब, पत्रं, फोटो, आणि ते सगळं अजून त्यातच पडलंय. हल्ली तो चालू व्हायला इतका वेळ घेतो की मध्ये मी दुसरी कामं उरकून येते, आणि आता तर लोगो येतो, मग स्टार्टअप रिपेअर सुरू होतं, ते बराच वेळ चाळा करून सांगतं की दुरुस्त होत नाहीये, रिस्टार्ट केला की परत तेच. कधी मूड असला तर डेस्कटॉप येतो पण एखादं फोल्डर उघडलं की हार्ड डिस्कचा लाइट जो पेटतो तो विझतच नाही.

तेव्हा बनवून ठेवलेल्या रिकव्हरी डीव्हीडी आहेत माझ्याकडे, पण डीव्हीडी ड्राइव्हच गेलाय. ट्रे बाहेर येतो, डिस्क आत घेतो, दोनदा घुर्र करतो आणि म्हणतो डिस्क टाका. आता प्रश्न असा की त्या डीव्हीडीतल्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये कॉपी पेस्ट केल्या तर चालेल का, की तो फॅक्टरी रिसेटचा शॉर्टकट असतो तो मारू? त्यात डेटा राहतो ना?

अर्धा_बाइट

डीव्हीडी विसरा, आता कोण वापरतं. लॅपटॉप चालू करताना रिकव्हरीचं बटण दाबा, एचपीला एफ ११, एसरला ऑल्ट + एफ १०, तोशिबाला शून्य दाबून धरायचं, लेनोवोला बाजूला छोटं वेगळं बटण असतं. डिस्कवरच लपवलेलं पार्टिशन, म्हणजे वेगळा राखीव भाग, असतं त्यातून नव्यासारखा होतो.

सेक्टर_शून्य

ताई थांबा, ते बटण अजिबात दाबू नका!! त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपचं फॅक्टरी रिकव्हरी म्हणजे सी ड्राइव्ह पुसून त्यावर कंपनीची मूळ प्रत परत टाकणं, काही काही तर पूर्ण डिस्कच पुसतात. "फायली ठेवा" वगैरे पर्याय विंडोज ८ पासून आला, ७ मध्ये नव्हता. बाबांचं सगळं एका एंटरमध्ये जाईल.

आणि दुसरं, तुम्ही सांगताय ती लक्षणं विंडोज बिघडल्याची कमी आणि डिस्क मरत असल्याची जास्त वाटतायत. लाइट सतत पेटलेला म्हणजे डिस्क एकच जागा वाचायचा परत परत प्रयत्न करतेय आणि विंडोज बिचारं वाट बघत बसलंय. अशा डिस्कवर रिसेट मारला तर एक तर तो ६० टक्क्यांवर अडकेल, नाहीतर पूर्ण होईल आणि महिन्याभरात परत हेच. डीव्हीडी ड्राइव्ह गेलाय हा त्यातला सगळ्यात किरकोळ प्रॉब्लेम आहे.

आधी एक सांगा, आतून टक टक असा ठराविक लयीत आवाज येतो का? येत असेल तर लॅपटॉप बंद करा आणि चालूच करू नका, ते डिस्क वाचणारं हेड गेल्याचं लक्षण आहे, मग डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावी लागते. आवाज नसेल तर घरी करता येण्यासारखं आहे.

जुनी_बॅटरी

बाप रे, बरं झालं विचारलं. नाही, टकटक नाही, नेहमीचा फिरण्याचाच आवाज आहे. मग पुढे काय करू? माझ्याकडे दुसरा लॅपटॉप आहे चालू, पेनड्राइव्ह आहे १६ जीबीचा.

सेक्टर_शून्य

छान. दुसऱ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती डाउनलोड करा, आयएसओ फाइल असते, म्हणजे आख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत. रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे त्याने ती पेनड्राइव्हवर लिहायची. फाइल नुसती कॉपी पेस्ट करून चालत नाही, तुमच्या डीव्हीडीचंही तेच, बूट होण्यासाठी, म्हणजे त्यावरून लॅपटॉप सुरू होण्यासाठी, पेनड्राइव्हच्या सुरुवातीला जे लागतं ते कॉपीने जात नाही. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा, जीपीटी नको, तुमच्या मशीनला जुनं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर) असणार, त्याचा नवा प्रकार यूईएफआय नाही. पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात असू द्या.

मग जुन्या लॅपटॉपला लावून त्यावरून चालू करा. हे लाइव्ह मोडमध्ये चालतं, म्हणजे रॅममध्ये, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" असा आयकॉन दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. मेनूत "डिस्क्स" नावाचं ॲप आहे, त्यात हार्ड डिस्क निवडून वरच्या मेनूत स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा आणि काय येतं ते इथे लिहा.

जुनी_बॅटरी

पेनड्राइव्ह बनवला पण बूट मेनूत तो दिसतच नाहीये. एफ १२ दाबल्यावर हार्ड डिस्क, सीडी/डीव्हीडी आणि नेटवर्क एवढंच येतं.

रात्रपाळी

जुन्या बायोसची ही खोड आहे. पेनड्राइव्हला ते हार्ड डिस्कच समजतात, त्यामुळे यादीत वेगळा दिसत नाही. "हार्ड डिस्क" वर जाऊन एंटर किंवा प्लसचं बटण दाबा, आत अजून एक यादी उघडते, त्यात पेनड्राइव्हचं नाव असेल. नसेल तर बायोस सेटिंगमध्ये जाऊन त्याच यादीत पेनड्राइव्ह वर सरकवा आणि "यूएसबी लेगसी सपोर्ट" चालू आहे का बघा. आणि पेनड्राइव्ह लॅपटॉप चालू करायच्या आधी लावलेला हवा, नंतर लावला तर बायोसला पत्ता लागत नाही. हबमधून नको, सरळ लॅपटॉपच्या पोर्टला.

बायोसमध्ये गेलाच आहात तर तारीख बघा. २००८-०९ वगैरे दाखवत असेल तर आतला बटण सेल संपलाय. तारीख चुकीची असली की ब्राउझर कुठलीच साइट धड उघडत नाही, सर्टिफिकेटची तक्रार करतो, आणि लोक उगाच वायफायला शिव्या घालतात.

जुनी_बॅटरी

हो हो, हार्ड डिस्कच्या आतच लपून बसला होता! मिंट चालू झालं, आणि गंमत म्हणजे विंडोजपेक्षा लवकर. तारीख पण चुकलेलीच होती, ती नीट केली.

डिस्क्समध्ये लिहिलंय "डिस्क इज ओके, ३१२ बॅड सेक्टर्स". ओके म्हणजे ओके ना मग? खाली मोठी यादी आहे, त्यात रीअलोकेटेड सेक्टर काउंट १८८ आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंट १२४.

सेक्टर_शून्य

त्या "ओके" वर जाऊ नका. डिस्क बनवणाऱ्याने एक मर्यादा ठरवलेली असते, ती ओलांडेपर्यंत स्मार्ट ओके म्हणत राहतं, आणि कित्येक डिस्क ओके म्हणत म्हणतच जातात. रीअलोकेटेड म्हणजे खराब झालेल्या जागा ज्यांच्या बदली डिस्कने राखीव साठ्यातली जागा वापरली, ते एक वेळ चालतं. खरा धोका पेंडिंगचा. १२४ जागा अशा आहेत ज्या तिला आत्ता वाचता येत नाहीयेत, आणि विंडोजच्या एखाद्या फाइलखाली त्यातली एक जरी आली तरी स्टार्टअप रिपेअर गोल गोल फिरत बसतं.

म्हणजे ही डिस्क बदलायची हे नक्की. त्याआधी डेटा. आणि कोणी विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवा म्हणालं तर ऐकू नका, ते मरणाऱ्या डिस्कला कोपरा न कोपरा वाचायला लावतं आणि वर फाइल सिस्टीममध्ये बदलही करतं.

अर्धा_बाइट

मग एवढं कशाला, मिंटमध्ये आहातच तर सरळ बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि फोल्डर ओढून टाका.

सेक्टर_शून्य

थोडंसंच हवं असेल तर तेच करा, माझी ना नाही. बाबांचा हिशेबाचा फोल्डर दोन-चारशे एमबीचा असेल तर तो सगळ्यात आधी कॉपी करून टाका. पण १०० जीबी फोटो असे ओढायला गेलात तर पहिल्या खराब फाइलवर कॉपी अडकते, आणि डिस्क तिथेच डोकं आपटत बसते, तेवढ्यात चांगला भागही हातचा जातो.

म्हणून बाकीच्यासाठी डीडीरेस्क्यू, खराब डिस्कमधून डेटा उचलायचा प्रोग्रॅम. मिंटमध्ये तो नेट लावून टाकावा लागतो, पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, चालवताना मात्र डीडीरेस्क्यू असंच लिहायचं. तो पूर्ण डिस्कची एक प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, बनवतो, आधी सोपा भाग सगळा उचलतो, अडलं की तिथून उडी मारून पुढे जातो, आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. कमांडमध्ये क्रम असा, आधी जिथून घ्यायचं ती डिस्क, मग प्रतिमेची फाइल, मग मॅप फाइल, म्हणजे कुठपर्यंत वाचून झालं त्याची नोंद. मॅप फाइल विसरू नका, मध्ये लाइट गेली किंवा लॅपटॉप तापून बंद पडला तर तीच कमांड परत दिली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीला "डॅश एन" लावा म्हणजे खराब भाग खरवडत बसत नाही.

दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. कुठली डिस्क कुठल्या नावाने दिसतेय ते आकारावरून ओळखा, उलटं झालं तर रिकामी डिस्क बाबांच्या डिस्कवर लिहिली जाईल. आणि प्रतिमा ज्या बाहेरच्या डिस्कवर ठेवणार तिथे ३२० जीबीपेक्षा जास्त जागा मोकळी हवी आणि ती फॅट ३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालेल.

रात्रपाळी

यात माझी भर. मिंटमध्ये सी ड्राइव्ह उघडताना "विंडोज नीट बंद झालेलं नाही, फक्त वाचता येईल" असं काहीतरी आलं तर घाबरू नका, आपल्याला फक्त वाचायचंच आहे. कुठे जबरदस्तीने उघडायचा उपाय वाचून करू नका. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची जाळी मोकळी ठेवा, आतला पंखा इतक्या वर्षांत धुळीने भरलेला असणारच.

काका_कमांडलाइन

एवढ्या खटाटोपात नवीन लॅपटॉप येईल. डेटा काढा आणि हा भंगारात द्या.

जुनी_बॅटरी

काका, डेटा तर काढतेच आहे, पण तो कीबोर्ड फार छान आहे हो, आणि मला त्यावर फक्त टाइप करायचंय आणि गाणी ऐकायचीत. नवीन डिस्क टाकली तर चालेल का? विंडोज ७ परत टाकू? आणि त्या रिकव्हरी डीव्हीडींचं काय?

रात्रपाळी

चालेल की. अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या, ती जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते, जोडणी तीच. नवीन एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुनी डिस्क ९.५ ची, त्यामुळे आत थोडी हलते, बरोबर प्लॅस्टिकची चौकट मिळते ती लावा. आधी जुनी डिस्क बाहेर काढून बघा मात्र, पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर ती साटा नसून जुनी आयडीई आहे, मग ही एसएसडी बसणार नाही. तुमच्या प्रोसेसरच्या काळात बहुधा साटाच असेल. त्या मशीनवर एसएसडी पूर्ण वेगाने चालणार नाही, तरी फरक असा पडतो की लॅपटॉप बदलल्यासारखा वाटतो. रॅम ४ जीबी करता आली तर करा, पण डीडीआर २ आहे की ३ ते आतली पट्टी बघून मगच.

रिकव्हरी डीव्हीडी पेनड्राइव्हवर नेण्याच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. त्यातल्या बऱ्याच मध्येच "दुसरी डिस्क टाका" म्हणतात आणि ऑप्टिकल ड्राइव्हच शोधतात. तेच हवं असेल तर यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह कोणाकडून तरी मागून आणा, बायोस त्यावरून बूट करतं.

पण विंडोज ७ कशाला? १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट संपला, नवीन ब्राउझर त्यावर चालत नाहीत. विंडोज १० पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि ३ जीबीत ते रांगतं. मिंट पेनड्राइव्हवरून इतकं नीट चाललं तर तेच एसएसडीवर टाका.

काका_कमांडलाइन

एखादं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वरच चालत असेल तर? नेट न लावता ७ ठेवायला काय हरकत आहे. तसं करायचं असेल तर लॅपटॉपच्या पोटावर विंडोजच्या प्रॉडक्ट कीचा, म्हणजे परवान्याच्या कोडचा, जो स्टिकर आहे त्याचा फोटो आत्ताच काढून ठेवा, ती अक्षरं घासून जातात. विंडोजमधून सॉफ्टवेअरने काढलेली प्रॉडक्ट की कामाची नाही, ती कंपनीने सगळ्या मशीनला टाकलेली एकच असते, स्टिकरवरची वेगळी.

जुनी_बॅटरी

स्टिकरचा फोटो काढला, शेवटचे दोन आकडे तिरपा टॉर्च मारल्यावर दिसले. हिशेबाचा फोल्डर आधीच सुटा कॉपी केला, सगळ्या फायली उघडतायत. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी झाली, ९९.९ टक्के काहीतरी दाखवतंय आणि खाली २७ एमबी राहिलंय. फोटो आलेत असं समजू का?

सेक्टर_शून्य

२७ एमबी म्हणजे उत्तम. आता "डॅश एन" काढून "डॅश आर ३" लावा आणि तीच मॅप फाइल द्या, फक्त राहिलेल्या जागाच परत वाचेल. यात तासन्‌तास जाऊ शकतात, डिस्क फार तापली तर बंद करून गार होऊ द्या आणि मग परत सुरू करा. झाल्यावर प्रतिमेची एक प्रत आधी दुसरीकडे ठेवा, मग मिंटमध्ये त्या फाइलवर राइट क्लिक करून डिस्कसारखी उघडा, पण फक्त वाचण्यासाठी.

आतला यूजर्स फोल्डर आख्खा उचला, नुसतं डॉक्युमेंट्स नको, डेस्कटॉपवर पण लोक खूप ठेवतात. आणि विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डरसुद्धा घ्या. बाबांची पत्रं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर तो फॉन्ट नसताना फाइल उघडते पण सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

जुनी_बॅटरी

अगं बाई, हिशेबातल्या दोन फायली अगदी तशाच दिसत होत्या, मला वाटलं खराब झाल्या! आता फॉन्ट्स घेऊन बघते. दुसरी फेरी लावलीय, खाली पाट ठेवून.